दोन कादंबऱ्या आणि रसद

सुट्टीत घरी गेलो की आजी सगळ्यात आधी माझी मराठी तपासते. सहावीपासून मी बेंगळुरूला या शाळेत आहे. वर्गात इंग्रजी, परेड ग्राउंडवर हिंदी आणि डॉर्ममध्ये सगळ्यांची मिळून एक वेगळीच भाषा चालते. माझ्या वर्गात मराठी बोलणारे आम्ही फक्त तिघे. गेल्या मे महिन्यात मी आजीला म्हणालो, "आजी, चहा बनवून दे ना." आजी म्हणाली, "चहा बनवत न्हाईत रं, चहा करत्यात. बनवतात ते माणसांना." मग ती आत गेली आणि खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक घेऊन आली. रणजित देसाई यांची 'स्वामी'.

आमचं गाव चंदगड तालुक्यात. रणजित देसाई त्याच तालुक्यातल्या कोवाडचे, त्यामुळे आजी त्यांच्याबद्दल नातेवाइकासारखं बोलते. 'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर तिची मालिका लागायची तेव्हा सगळी गल्ली एका घरात जमायची, असं आजी सांगते. "वाच," ती म्हणाली, "मराठीबी सुधारंल आणि माणूसबी सुधारंल."

मी ती मोठ्या आशेनं उघडली. त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे माधवराव पेशवे. २० जुलै १७६१ रोजी त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा त्यांचं वय सोळा वर्षांचं होतं. मी पंधराचा आहे. पानिपतावर सगळं गमावून झालं होतं, वडील गेले होते, मोठा भाऊ आणि काका रणात पडले होते, खजिन्यावर कर्ज होतं आणि हैदर व निजाम टपून बसले होते. अशा वेळी सोळा वर्षांच्या मुलानं काय केलं असेल? आम्हाला इथं सेक्शन कमांडर केलं तरी पहिला आठवडा झोप लागत नाही. मला वाटलं, हे पुस्तक मला सांगेल की जबाबदारी शिकतात कशी.

दुसरं कारण रस्त्यावरचं. बेंगळुरूहून बेळगावला जाणारी बस नेलमंगल सोडून डाबसपेटजवळ आली की एक खडकाळ डोंगर दिसतो. तो निजगलचा किल्ला. हैदर अलीकडचा हा किल्ला १७७० साली माधवरावांच्या फौजेनं घेतला. चित्रदुर्गचा नायक तेव्हा मराठ्यांच्या बाजूनं लढला होता. मी वर्षातून चार वेळा त्या डोंगराखालून जातो. खिडकीतून पाहताना प्रत्येक वेळी मनात येतं, तोफा कुठून चढवल्या असतील? पाणी कुठून आणलं असेल? म्हणून मी परतीच्या बसमध्ये 'स्वामी' वाचायला घेतली. बरोबर निजगलखालून जाताना ती हातात असावी अशी माझी इच्छा होती, पण तिथं पोचेपर्यंत मला झोप लागली होती. हा दोष पुस्तकाचा नाही, रात्रीच्या बसचा आहे.

शाळेत आल्यावर मी ती रोज प्रेपनंतर वीस-पंचवीस मिनिटं वाचत गेलो. माझा वाचनाचा वेग कमी. एखादं पान दोनदा वाचावं लागायचं. भाषा फार सुंदर आहे, ते मला कळत होतं. शनिवारवाड्यातले दिवे, कारंजी, शालू, मुजरे, सगळं डोळ्यांपुढं उभं राहायचं. राघोबादादा आले की आता काहीतरी होणार असं वाटायचं. रामशास्त्री प्रभुणे मला आवडले. तरीही शेवटचं पान मिटलं तेव्हा मी नाराज होतो, आणि आपण नाराज का आहोत हे कळेना म्हणून आणखी नाराज होतो.

आता विचार केल्यावर काही कारणं सापडली आहेत. एक, माझ्यासाठी या कादंबरीचा जीव वाड्यात होता, मैदानात नव्हता. मोहिमा येतात, पण मला त्या लवकर संपल्यासारख्या वाटल्या. फौज निघाली की मी सरसावून बसायचो आणि थोड्या वेळानं फौज परत आलेली असायची. निजगलच्या डोंगराबद्दल माझ्या मनात जे प्रश्न होते, ते तसेच राहिले. दुसरं कारण मोठं आहे. मला चुकणारा माधवराव हवा होता. गोंधळलेला, हिशेब न कळणारा, रात्री घाबरणारा आणि हळूहळू शिकत जाणारा. मला भेटलेला माधवराव पहिल्या पानांपासूनच मोठा माणूस होता. तो रागावतो, दुःखी होतो, आजारी पडतो, पण शिकाऊ कधीच दिसत नाही. त्याच्याकडे पाहून मान आदरानं खाली जाते. मला मात्र त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं.

मी आजीला आंतरदेशीय पत्र लिहिलं. आमच्याकडे फोन फक्त रविवारी असतो आणि आजीला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून आमचं पत्रानंच चालतं. लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पण मला आवडलं नाही, कारण त्यात लढाया कमी आहेत. पत्र टाकल्यावर वाटलं की असं लिहायला नको होतं. आजीचं उत्तर तीन आठवडे आलं नाही.

'पानिपत' मला आमच्या एका सीनियरनं दिली. तो साताऱ्याचा, बारावी करून शाळा सोडून जाताना त्यानं ट्रंक रिकामी केली. बूट पॉलिशच्या दोन डब्या, एक हॉकी स्टिक आणि विश्वास पाटलांची ही जाडजूड कादंबरी माझ्या वाट्याला आली. ती १९८८ साली प्रसिद्ध झालेली. मी ती आधी उशाखाली ठेवून दिली. एका निराशेनंतर तेवढ्याच जाड दुसऱ्या ऐतिहासिक कादंबरीला हात लावायचं धाडस होईना. शिवाय शेवट कोणाला माहीत नाही? आपल्या भाषेत 'पानिपत झालं' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. परीक्षेत, सामन्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा पानिपत होतं.

ऑगस्टमध्ये मला ताप आला आणि एमआय रूममध्ये चार दिवस राहावं लागलं. तिथं मी ती उघडली आणि चौथ्या दिवशी ताप उतरल्याचं मला वाईट वाटलं.

सुरुवातीला त्रास झाला, ते लपवत नाही. माणसं फार. शिंदे, होळकर, विंचूरकर, बुंदेले, पवार, बळवंतराव, शहावलीखान. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली आणि पुढं एकेक नाव खोडत गेलो. १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तेव्हा पहिली रेघ मारली. काही भाषणं मला लांब वाटली, ती मी पळत वाचली. पण भाऊसाहेब फौज घेऊन उत्तरेला निघाले आणि मी पुस्तकात अडकलो.

कारण या कादंबरीत फौज नुसती 'निघाली' आणि 'पोचली' असं होत नाही. ती चालते. तिला नदी आडवी येते, पाऊस लागतो, तोफांची चाकं रुततात. लढणाऱ्यांबरोबर बायका, यात्रेकरू आणि बाजारबुणगे आहेत. सगळ्यांना रोज दोन वेळा खायला लागतं. पैसे संपत येतात आणि पत्रांमागून पत्रं जातात. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती येते, पण दिल्लीत काही उरलेलं नसतं. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडतो, तिथं धान्य मिळतं आणि वाचताना आपल्यालाही हुश्श वाटतं. तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून अलीकडे येतो आणि दिल्लीची वाट बंद होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारीपर्यंत दोन फौजा समोरासमोर बसतात. अब्दालीला नजीबखानाच्या मुलखातून रसद मिळत राहते. मराठ्यांची तुटत जाते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, त्यानंतर छावणीत उपासमार सुरू झाली.

ही पानं मी मेसमधून आल्यावर वाचत होतो. त्या दिवशी राजमा नीट शिजला नव्हता म्हणून मी अर्धी थाळी टाकून आलो होतो.

शेवट माहीत असूनही मी प्रत्येक पानावर थांबून विचार करत होतो. इथं वळले असते तर? दिल्लीतून लवकर निघाले असते तर? बागपतावर पहारा असता तर? 'स्वामी' वाचताना शेवट माहीत होता आणि मी त्याची वाट पाहत होतो. 'पानिपत' वाचताना शेवट माहीत होता आणि मी तो टाळायचा प्रयत्न करत होतो. माझ्या मते दोन कादंबऱ्यांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे. आणि इथले भाऊसाहेब चुकतात. ते हुशार आहेत, शूर आहेत, तरी त्यांचे अंदाज फसतात, माणसं ऐकत नाहीत. गोलाची रचना करून फौज बाहेर काढायची असं ठरतं आणि तो गोल ऐन वेळी फुटतो. आम्हाला ड्रिलमध्ये डिस्टन्स सोडला म्हणून उस्ताद का ओरडतात, ते मला त्या दिवशी कळलं.

पण मला समाधान देणारी खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती लिहायची म्हणूनच मी हा लेख लिहायला घेतला.

सहावीत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सीनियरनं रांगेत विचारलं, "पापा किस रेजिमेंट में हैं?" माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. माझे पप्पा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये आहेत. हवालदार, ड्रायव्हर. मी म्हणालो, "मराठा एलआय, सर." तोंडातून निघून गेलं आणि परत घेता आलं नाही. चार वर्षं ते तसंच चाललं. पेरेंट्स डेला पप्पा एकदाच येऊ शकले, तेही साध्या कपड्यांत.

आठवीत असताना आमच्या डॉर्ममधल्या एका मुलाला सगळे 'आटा-चावल' म्हणून चिडवायचे, कारण त्याचे वडील एएससीत होते. तो ओडिशाचा, शांत मुलगा. बाकीचे हसले तेव्हा मीही हसलो. इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच हसलो.

'पानिपत'मधली उपासमारीची पानं वाचताना मला तो मुलगा आठवत राहिला. एवढी मोठी फौज, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, एकाहून एक तलवारबहाद्दर, आणि ते सगळे उपाशी पोटी लढाईला बाहेर पडले, कारण आत बसून मरण्यापेक्षा लढून मरणं बरं असं ठरलं. तोफा होत्या, शौर्य होतं. आटा-चावल नव्हता.

त्या रविवारी पप्पांचा फोन लागला. ते लडाखकडे आहेत, दर रविवारी फोन लागतोच असं नाही. मी एरवी मार्क आणि तब्येत सांगून फोन ठेवतो. या वेळी विचारलं, "पप्पा, एक लाख माणसांना एका दिवसाला किती धान्य लागेल?"

पप्पांनी 'कशाला विचारतोस' असं विचारलं नाही. ते म्हणाले, "घोडी धरून का घोडी सोडून?"

मी कधी त्यांना एवढा वेळ बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी तोंडी हिशेब केला. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर रोज पन्नास हजार किलो, म्हणजे पाचशे क्विंटल. पाच टनी ट्रक असेल तर दहा ट्रक. बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर पाचशे बैल, आणि परत जाणाऱ्या बैलांनाही वाटेत खायला लागणार. हा एका दिवसाचा हिशेब. अडीच महिन्यांचा, म्हणजे पंचाहत्तर दिवसांचा केला तर साडेसदतीस हजार क्विंटल. घोड्यांचा दाणा वेगळा. मीठ, सरपण वेगळं. "आणि हे नुसतं धान्य झालं," पप्पा म्हणाले. "रस्ता कोण राखणार ते आधी सांग. रस्ता नसंल तर गोदाम भरलेलं असून काय करायचं?"

मग त्यांनी त्यांच्या कामाबद्दल सांगितलं. हिवाळ्यात खिंडी बर्फानं बंद होतात, म्हणून वर राहणाऱ्या जवानांचं पीठ, डाळ, रॉकेल, सगळं उन्हाळ्यातच वर न्यावं लागतं. सकाळी अंधारात गाड्या सुरू करायच्या, ताफा तोडायचा नाही, वळणावर हॉर्न द्यायचा, समोरचा ट्रक थांबला तर उतरून बघायचं. "हिशेब चढण लागायच्या आधी करायचा असतो," ते म्हणाले. "चढणीवर हिशेब होत नाही." मी विचारलं, "तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस."

फोनच्या रांगेत माझ्या मागं सात जण उभे होते. मी जागा सोडली आणि थेट डॉर्ममध्ये गेलो. ओडिशाचा तो मुलगा बेल्टला ब्रासो लावत बसला होता. मी त्याला सांगितलं की माझे पप्पा एएससीत आहेत. आधीपासूनच आहेत. आणि त्या दिवशी मी हसायला नको होतं. तो बेल्ट घासतच म्हणाला, "मुझे पता है. तेरे पापा और मेरे पापा एक ही बटालियन में थे. छठी से पता है." मी विचारलं, मग कोणाला सांगितलं का नाहीस? त्यानं खांदे उडवले. "तूने नहीं बताया, तो मैं क्यों बताऊँ?"

पानिपतावर मेलेल्यांची यादी वाचूनही मी रडलो नव्हतो. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं. एवढंच लिहितो.

तर 'पानिपत'नं मला समाधान का दिलं, याचं उत्तर असं. त्यात लढाया जास्त आहेत म्हणून नव्हे. खरी लढाई तर एका दिवसाची आहे. त्या पुस्तकानं लढाईच्या मागं असलेली माणसं दाखवली आणि त्यांत मला माझे पप्पा सापडले, अडीचशे वर्षांहून जास्त मागं असलेल्या गोष्टीत. मी तलवारी शोधायला गेलो होतो आणि मला पीठ सापडलं.

दरम्यान आजीचं पत्र आलं. तिला लिहायला वेळ लागतो, त्यामुळे उशीर झाला होता, राग नव्हता. तिनं लिहिलं होतं की 'स्वामी' तिनं पहिल्यांदा वाचली तेव्हा आजोबा सीमेवर होते आणि पप्पा पोटात होते. तिनं त्यातल्या मोहिमा वाचल्याच नव्हत्या, पानं उलटून पुढं जायची. ती रमाबाईंसाठी वाचायची. माणूस मोहिमेवर गेल्यावर मागं घर कसं असतं, ते त्यात आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी लिहिलं होतं, "तू लढाया शोधल्यास म्हणून तुला कमी पडल्या. मला जास्त झाल्या होत्या."

हे वाचून 'स्वामी' मला एकदम आवडायला लागली, असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं सांगून काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. माझं मत अजून तेच आहे. मला त्या कादंबरीत शिकणारा सोळा वर्षांचा मुलगा हवा होता आणि तो मला भेटला नाही. रमाबाई थेऊरला सती जातात ती पानं मी पुन्हा वाचली. पहिल्यापेक्षा जास्त कळली, तरी माझा प्रश्न तसाच राहिला. फक्त आता मी एवढं म्हणतो की पुस्तकानं मला निराश केलं म्हणजे पुस्तक वाईट होतं असं नाही. मी एक विचारत होतो आणि ते दुसऱ्याच कोणाला तरी उत्तर देत होतं. त्या कोणाला तरी मी ओळखतो, एवढं मला पुरे आहे.

ज्युनियर कॅडेट्सना एक सांगणं. मराठी येत असेल तर दोन्ही वाचा. कोणती आवडली ते खरं सांगा, घरच्या मोठ्यांनासुद्धा. आणि रविवारी फोनच्या रांगेत उभे राहाल तेव्हा मार्कांच्या आधी एखादा प्रश्न विचारून बघा.

येत्या सुट्टीत बस पुन्हा निजगलखालून जाईल. या वेळी मी जागा राहणार आहे. तोफा कुठून चढवल्या असतील हा प्रश्न आहेच. पण पप्पा म्हणतात, त्याच्या आधी बघ की बैल कुठं बांधले असतील आणि पाणी किती लांब होतं.